गरोदरपणात हिरड्यांतून रक्त : "चालायचंच" म्हणू नका

दिवस गेल्याचं कळलं की रक्त, लघवी, थायरॉइड, सोनोग्राफी अशा सगळ्या तपासण्या होतात. हिरड्या मात्र कोणी बघत नाही. ब्रश करताना रक्त येतं असं सांगितलं, तर घरातून उत्तर मिळतं, "या दिवसांत चालायचंच." माझं मत याच्या उलट आहे. गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीतच दात-हिरड्या बघितल्या गेल्या पाहिजेत.

गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन ही संप्रेरके खूप वाढतात. त्यामुळे हिरड्यांचा रक्तपुरवठा वाढतो आणि दातांवरच्या जंतूंच्या थराला हिरड्या जास्त जोरात प्रतिक्रिया देतात. त्या लाल होतात, सुजतात, जरा धक्का लागला की रक्त येतं. हा त्रास साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सुरू होतो, आठव्या महिन्याच्या सुमारास सर्वाधिक असतो आणि बाळंतपणानंतर कमी होतो. काही जणींना हिरडीवर लाल, मऊ गाठ येते. तो कॅन्सर नसतो, पण दंतवैद्याला दाखवावी.

लक्षात घ्या, संप्रेरके फक्त आगीत तेल ओततात. मूळ आग दातांवर साठलेल्या थराची आणि कीटणाची असते. म्हणूनच रक्त येतं म्हणून ब्रश करणं सोडलं, तर त्रास वाढतो. मऊ ब्रशने दोन वेळा, हलक्या हाताने, पण न चुकता दात घासा. उलटी झाल्यावर मात्र लगेच घासू नका. पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरा आणि अर्ध्या तासाने ब्रश करा.

"बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढून घेतं" हा समज चुकीचा आहे. दातांतलं कॅल्शियम असं निघून जात नाही.

आपल्याकडे अनेक बायका हिरड्या दुखल्या की मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातलं निकोटिन हिरड्यांतून रक्तात आणि तिथून बाळापर्यंत जातं. बाळाचं वजन कमी भरण्याचा धोका असतो. सासूबाईंनी आग्रह केला तरी नको.

हिरड्यांचा जुना आजार आणि मुदतपूर्व प्रसूती यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. पण २००६ साली अमेरिकेत ८२३ गर्भवतींवर झालेल्या अभ्यासात उपचारांनी मुदतपूर्व प्रसूती कमी झाली नाही. मग उपचार कशाला? कारण त्याच अभ्यासात हिरड्या सुधारल्या आणि उपचार सुरक्षित ठरले. आईला नीट जेवता येणं, दुखणं नसणं, दात टिकणं हे कारण मला पुरेसं वाटतं. प्रत्येक गोष्ट बाळासाठीच करायची असं थोडंच आहे?

दात साफ करून घेणं, किडलेला दात भरणं, भुलीचं इंजेक्शन, गरज पडल्यास संरक्षक अ‍ॅप्रन घालून एक्स-रे, हे सारं गरोदरपणात करता येतं. चौथा ते सहावा महिना सोयीचा, पण दुखत असेल तर थांबू नका. दंतवैद्याला आधी गरोदर असल्याचं सांगा. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक आणि टेट्रासायक्लिन गटातल्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका.

पुढच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना स्वतःहून म्हणा, "माझ्या हिरड्याही बघा." बाळंतपणानंतरही रक्त येत राहिलं, तर पुन्हा दाखवा.