राहिलेले दोन पेपर

बिडकीनला पैठण रस्त्यावरच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर बसा आणि आपल्या पोरांना विचारा, शिक्षण किती झाले? उत्तर ठरलेले आहे. "बी.ए. झालंय, फक्त दोन पेपर राहिलेत." कुणाचे इंग्रजी राहिलेले असते, कुणाचे अर्थशास्त्र. राहून किती वर्षे झाली असे विचारले की पोरगा मान खाली घालतो. तिसरी बाजू चहावाला सांगतो, "लग्न झालं साहेब त्याचं, दोन लेकरं आहेत."

या 'फक्त' शब्दाचे समाजाने गांभीर्याने काहीतरी केले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

बिडकीन आता जुने बिडकीन राहिलेले नाही. ७,८५५ एकरांचे औद्योगिक क्षेत्र येथे उभे राहिले आहे. २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी त्याचे लोकार्पण केले. त्याआधी जुलैमध्ये टोयोटा-किर्लोस्करने मोटारींच्या मोठ्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी करार केला. कारखाने येतील, पण गेटच्या आत टेबलावर कोण बसणार आणि गेटवर शिट्टी घेऊन कोण उभे राहणार, याचा निकाल बहुतेक वेळा एका कागदावर लागतो. आमची पोरे त्या कागदापासून दोन पेपर दूर आहेत.

कागदाला काय अर्थ आहे, ज्ञान महत्त्वाचे, असे सांगणारे विद्वान खूप आहेत. त्यांच्या घरात तीन पिढ्यांच्या पदव्या भिंतीवर टांगलेल्या असतात, म्हणून त्यांना हे बोलणे परवडते. त्यांच्या मुलाची पदवी अपुरी राहिली तर काकाचा फोन जातो, मामाचे दुकान असते. आमच्या पोराचा शब्द कुणी प्रमाण मानत नाही, म्हणून त्याला प्रमाणपत्र लागते. आरक्षणाच्या जागेलासुद्धा अट असते. राज्यसेवेच्या परीक्षेला पदवीशिवाय बसता येत नाही. मग राखीव जागा रिकाम्या राहतात आणि व्यवस्था साळसूदपणे शेरा मारते, 'योग्य उमेदवार उपलब्ध नाही'. उमेदवार होता. तो दोन पेपर राहिलेत म्हणून टपरीवर बसला होता!

अपुऱ्या पदवीची लाज वाटणाऱ्या तरुणांनी बाबासाहेबांचे चरित्र पुन्हा उघडावे. आपण जयंतीच्या भाषणात पदव्यांची यादी धडाधडा वाचतो, त्या पदव्या किती वर्षे अडकून पडल्या होत्या ते सांगत नाही. कोलंबिया विद्यापीठाला प्रबंध दिला १९१६ साली. प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला द्याव्यात असा नियम होता, छपाईला पैसा नव्हता. ग्रंथ निघाला १९२५ मध्ये आणि पीएच.डी. रीतसर हातात पडली १९२७ मध्ये. अकरा वर्षे! लंडनचे तर शिक्षणच अर्धवट सुटले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये परत यावे लागले. पुस्तके वेगळ्या जहाजाने पाठवली होती, ते जहाज महायुद्धात बुडाले. सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसा साठवला, शाहू महाराजांची मदत व मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेतले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. तिथे डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांना रुचला नाही, पुन्हा लिहा म्हणाले. बाबासाहेबांनी मुंबईत बसून लेखन दुरुस्त केले, निष्कर्ष सोडले नाहीत आणि १९२३ च्या अखेरीस पदवी मिळवली. आज आपण ज्याला 'बॅक राहणे' म्हणतो, ते त्या महामानवाच्याही वाट्याला आले होते. त्यांनी 'फक्त' म्हणून ते सोडून दिले नाही, एवढाच फरक.

आणि ज्या विद्यापीठाचे हे पेपर आहेत, ते कोणते? १९७८ च्या जुलैमध्ये नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळे यांना जिवे मारले, पुढे गौतम वाघमारे यांनी नांदेडात स्वतःला जाळून घेतले. १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले. त्या दिवसापासून ते नाव कमानीवर आहे, तसे पदवीच्या कागदावरही आहे. दरवर्षी आपण कमानीला वंदन करायला जातो. कागद मात्र कितीतरी घरांत पोहोचलेलाच नाही.

आता नव्या शैक्षणिक धोरणाने एक सोय काढली आहे. एक वर्षानंतर शिक्षण सोडले तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर सोडले तर डिप्लोमा. वर चार श्रेयांकांचा व्यवसाय अभ्यासक्रम करायचा. तीन वर्षांत परत येण्याची मुभा आहे, असेही नियमात म्हटले आहे. ऐकायला गोड आहे. पण मजुरीला गेलेला पोरगा किती वेळा परत येतो, हे बिडकीनला विचारा. पूर्वी याला गळती म्हणत, आता तिलाच प्रमाणपत्र मिळेल. श्रीमंताचा मुलगा चौथ्या वर्षाची ऑनर्स घेऊन बाहेर पडेल, आमचा पहिल्या वर्षाचा कागद घेऊन हेल्पर होईल. सरकारने हा दरवाजा बाहेर पडण्यासाठी जेवढा रुंद केला, तेवढा आत येण्यासाठीही करावा. काम करणाऱ्या मुलांची सोय म्हणून मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात बाबासाहेबांच्या काळी सकाळचे वर्ग भरत. कारखान्यातली पाळी संपल्यावर बसता येईल असा वर्ग आज बिडकीनलाच का नसावा?

थोडा दोष आमच्याकडेही घ्यावा लागेल. गुणवंतांचे सत्कार आपण करतो, नव्वद टक्केवाल्याचा फोटो आम्हीही कौतुकाने छापतो. पाचव्या प्रयत्नात इंग्रजी काढणाऱ्या दोन लेकरांच्या बापाला कुणी शाल दिल्याचे आमच्या पाहण्यात नाही. खरे तर त्याचे कष्ट कमी नसतात. त्याला अडवतात त्या गोष्टीही लहानच असतात. फॉर्मची तारीख कळत नाही, अभ्यासक्रम बदललेला असतो, कॉलेजात चौकशीला जायची लाज वाटते आणि फीचे पैसे नेमके त्याच आठवड्यात नसतात.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक वस्तीतल्या मंडळाने एका वहीत नावे लिहावीत, कुणाचा कोणता पेपर कोणत्या सालापासून राहिला. गावातल्या निवृत्त गुरुजींनी रविवारी विहारात इंग्रजी घ्यावे. एप्रिलमधल्या जयंतीच्या बैठका आणि उन्हाळी परीक्षेचे फॉर्म साधारण एकाच सुमारास येतात. वर्गणीचा हिशेब मांडताना डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात किती जणांची परीक्षा फी भरली जाते, तो आकडाही त्याच वहीत शेजारी लिहून पाहावा.