पोराच्या चड्डीनं बुद्धिबळाची अब्रू जात नाही

डिसेंबर 2024. न्यूयॉर्कला जागतिक जलद बुद्धिबळ स्पर्धा चालू होती आणि जगातला अव्वल खेळाडू मॅग्नस कार्लसन जीन्स घालून पटावर बसला. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या नियमात जीन्सला मनाई होती. त्याला 200 डॉलर दंड झाला आणि लगेच कपडे बदलून या, असं फर्मान निघालं. उद्यापासून बदलतो, असं तो म्हणाला. पंचांनी ऐकलं नाही, नवव्या फेरीत त्याची जोडीच लावली नाही, आणि तो स्पर्धा सोडून निघून गेला. पुढचं नीट लक्षात ठेवा. दोनच दिवसांत फिडेचे अध्यक्ष अर्कादी द्वोर्कोविच यांनी जाहीर केलं की जॅकेटला शोभेल अशी जीन्स चालेल. कार्लसन परत आला, जीन्समध्येच अतिजलद स्पर्धा खेळला आणि 31 डिसेंबरला इयान नेपोम्निशीबरोबर जगज्जेतेपद वाटून घेतलं. त्या जीन्सचा नंतर लिलाव झाला, 36,100 डॉलर आले.

शुक्रवारी जो नियम खेळाची प्रतिष्ठा होता, तो रविवारी सैल झाला. कारण समोर कार्लसन होता आणि त्याच्याशिवाय स्पर्धा ओस पडणार होती. त्याच स्पर्धेत नेपोम्निशीला बुटांवरून दंड झाला, तो मुकाट्यानं बूट बदलून आला. त्याच्या आदल्या वर्षी समरकंदला नेदरलँड्सच्या ॲना-माया कझारियनलाही बुटांसाठीच दंड भरावा लागला होता. तिच्यासाठी कुणी दोन दिवसांत पत्रक काढलं नाही.

माझा राग कार्लसनवर नाही. राग आहे तो हा खाक्या झिरपत झिरपत आमच्या कशेळीच्या पोरांपर्यंत येतो, त्याचा.

कशेळी म्हणजे ठाण्याहून भिवंडीला जाताना खाडीवरचा पूल ओलांडला की लागतं ते गाव. काल्हेर, पूर्णा, अंजूरफाटा, सगळीकडे गोदामं आणि त्यांच्या दारात कंटेनरच्या रांगा. इथं मी संध्याकाळी मुलांना बुद्धिबळ शिकवते. गुंडाळायचा रेक्झिनचा पट, प्लॅस्टिकच्या सोंगट्या आणि दोन डिजिटल घड्याळं, एवढं सामान. गोदामात हमाली करणाऱ्या एका माणसाचा मुलगा माझ्याकडे येतो. दहा वर्षांचा. हत्तीचे अंत्यडाव इतके छान खेळतो की मलाच विचार करून चाल करावी लागते. त्याला मी खाडीपलीकडे एका खुल्या रेटिंग स्पर्धेला नेलं. मे महिना, मंगल कार्यालयाचा हॉल, डोक्यावर गरगरणारे पंखे. पोराच्या अंगात धुतलेला टी-शर्ट आणि गुडघ्यापर्यंतची चड्डी. दारातच आर्बिटर म्हणाले, "हाफ पँट चालणार नाही. प्रॉस्पेक्टस वाचलं नाही का, मॅडम?"

त्याचा बाप रजा टाकून आला होता. तो पुढे होऊन म्हणाला, "साहेब, लेकरू हाय, बसू द्या की. उद्या आणतो पँट." साहेबांनी मान हलवली. आत फेरी सुरू झाली, त्याच्या पटावरचं घड्याळ चालू झालं. शेवटी दुसऱ्या एका मुलाच्या आईनं पिशवीतून ट्रॅक पँट काढून दिली. ती कमरेला दोन बोटं सैल. पोरगा पळत जाऊन बसला. उजव्या हातानं चाल करायची, त्याच हातानं घड्याळ दाबायचं, आणि डाव्या हातानं पँट धरून ठेवायची. स्कोअरशीट लिहिताना एक हात पँटला अडकलेला म्हणून कागद सरकत होता. मी दुरून बघत होते, मला आत जाता येत नव्हतं. डाव तो हरला. फुल पँट असती तर जिंकला असता असा माझा दावा नाही. समोरचा पोरगा चांगला खेळला. पण एका दहा वर्षांच्या मुलानं तो सगळा वेळ पटाऐवजी स्वतःच्या कमरेवर लक्ष ठेवलं, आणि हे त्याच्यावर बुद्धिबळाच्या नावानं लादलं गेलं. ज्या भिवंडीचे यंत्रमाग देशाला कापड विणून देतात, तिथल्या पोराला कापडावरून दारात उभं करायचं आणि त्याला शिस्त म्हणायचं, याची मला चीड येते.

शिस्तीची गोष्ट करता ना? मग फिडेचे खेळाचे नियम उघडा. कलम 11.5 सांगतं की प्रतिस्पर्ध्याचं लक्ष विचलित होईल किंवा त्याला त्रास होईल असं काहीही करायला मनाई आहे. कुणाच्या कपड्यांना घामाचा दर्प येत असेल, कुणी चमचमणारं काही घालून समोरच्याचे डोळे दिपवत असेल, तर हे कलम पुरेसं आहे. कुणी खिशात मोबाइल किंवा कानात यंत्र लपवलं असेल, तर कलम 11.3 पंचाला कपडे तपासायचा अधिकार देतं, तोही खासगीत. हे दोन्ही नियम मला शंभर टक्के मान्य आहेत, कारण ते डावाचं रक्षण करतात. टेबलाखाली पायात चप्पल आहे की बूट, यानं कुठल्या वजिराला धक्का लागतो?

उत्तर ठरलेलं असतं: प्रायोजकांना नीटनेटकं चित्र लागतं. जगज्जेतेपदाच्या लढतीत हे एक वेळ समजू शकते, तिथं जॅकेटवर नावं शिवलेली असतात आणि खेळाडूला त्याचे पैसे मिळतात. आपल्या खुल्या रेटिंग स्पर्धांत मात्र बक्षिसाचा बराचसा निधी एंट्री फीमधूनच उभा राहतो. म्हणजे तुमचा प्रायोजक तो हमाल आहे. त्यानं मजुरीतून फी भरली, त्याच्या पैशानं तुमची चषकांची रांग लागली, आणि त्याच्याच पोराला तुम्ही दारात अडवता.

मुलींच्या बाबतीत तर हे सगळं आणखी घाणेरडं होतं. युरोपच्या बुद्धिबळ संघटनेनं 2012 मध्ये नियमावली काढली, त्यात शर्टाचं वरून कितवं बटण उघडं चालेल हे लिहिलं होतं. मोठ्या माणसांनी बैठक घेऊन खेळाडू बायकांची बटणं मोजली! 2017 मध्ये मलेशियात पुत्रजाया इथं 12 वर्षांच्या मुलीचा गुडघ्यापर्यंतचा झगा ‘मोहात पाडणारा’ ठरवला गेला, असं तिच्या प्रशिक्षकानं जाहीरपणे सांगितलं. ती मुलगी स्पर्धेतून बाहेर पडली. 12 वर्षांच्या मुलीकडे पाहून ज्याच्या मनात हे येतं, त्याला हॉलबाहेर काढायला हवं होतं.

आपल्या घरचीच गोष्ट घ्या. नागपूरची दिव्या देशमुख जानेवारी 2024 मध्ये नेदरलँड्सला टाटा स्टील स्पर्धा खेळून आली आणि तिनं जाहीर लिहिलं की प्रेक्षक तिचे डाव सोडून तिचे कपडे, केस आणि उच्चार यांच्यावरच बोलत राहतात. ती तेव्हा 18 वर्षांची होती. दीड वर्षानं, जुलै 2025 मध्ये, तिनं बातुमीला अंतिम फेरीत कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयानं ग्रँडमास्टर झाली. तिच्या कपड्यांवर टीका करणाऱ्यांपैकी किती जणांनी तिचा एखादा डाव पहिल्या चालीपासून शेवटपर्यंत बघितला असेल?

आणि पुण्याची सौम्या स्वामिनाथन. 2009 ची कनिष्ठ गटातली जगज्जेती. 2018 मध्ये इराणमधल्या हमदान इथं आशियाई सांघिक स्पर्धा होती, तिथं डोक्यावर रुमाल बांधणं सक्तीचं होतं. सौम्यानं सांगितलं, सक्ती मान्य नाही, मी येत नाही. संघ तिच्याशिवाय गेला. देशासाठी खेळायची संधी तिनं सोडली आणि ती सोडावी लागणं ही आशियाच्या बुद्धिबळ संघटनेची लाज आहे. जिथं खेळाडूंवर धर्माचा पोशाख लादला जातो तिथं अधिकृत स्पर्धा द्यायच्याच कशाला? त्याच्या आदल्या वर्षी फिडेनं महिलांची जागतिक स्पर्धाच तेहरानला भरवली होती. इराणच्या सारा खादेमनं डिसेंबर 2022 मध्ये अल्माटीला रुमालाशिवाय डाव खेळले आणि नंतर तिला देश सोडून स्पेनमध्ये राहावं लागलं.

सौम्याच्या वेळी आपल्याकडे टाळ्या वाजल्या. मीही मनापासून वाजवल्या. पण टाळ्या वाजवणाऱ्यांतले अनेक जण 2022 मध्ये कर्नाटकात उडुपीच्या महाविद्यालयातल्या मुलींना रुमाल काढायला लावणाऱ्यांच्या बाजूनं उभे राहिले. 2024 मध्ये चेंबूरच्या एका महाविद्यालयानं हिजाब, टोपी आणि बॅजवर बंदी घातली तेव्हाही हेच. सर्वोच्च न्यायालयाला त्या बंदीला स्थगिती द्यावी लागली. मी भिवंडी तालुक्यात शिकवते. माझ्याकडे येणाऱ्या काही मुली रुमाल बांधून येतात. स्पर्धेच्या हॉलमध्ये शेजारच्या टेबलावरचे पालक त्यांच्याकडे ज्या नजरेनं बघतात ती मी पाहिली आहे. "हिला खेळायला घरून परवानगी आहे का?" असं एका बाईंनी माझ्यासमोर विचारलं. मुलगी ऐकत होती. बाई, ती खेळायलाच आली आहे, तुमच्या मुलाविरुद्ध, आणि पांढऱ्या सोंगट्या तिच्याकडे आहेत. सौम्याच्या डोक्यावर रुमाल लादणं जितकं चूक, तितकंच या मुलीच्या डोक्यावरून तो ओढणं चूक. यातली एकच चूक ज्यांना दिसते त्यांना खेळाडूच्या स्वातंत्र्याशी काही देणंघेणं नाही. त्यांना फक्त कुणाच्या तरी अंगावरच्या कपड्यावर हुकूम चालवायचा आहे.

मराठी मुलींना पटापर्यंत पोचायला कमी झगडावं लागलेलं नाही. रोहिणी खाडिलकर 1976 मध्ये, 13 व्या वर्षी, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा केवढा गदारोळ झाला. अखेर महिलांना अशा स्पर्धेतून वगळता येणार नाही, असं जागतिक संघटनेला सांगावं लागलं. तिला अडवू पाहणारेही खेळाची परंपरा आणि मर्यादा हेच शब्द वापरत असणार, यात मला शंका नाही.

ठाणे आणि भिवंडी परिसरातल्या आयोजकांकडे माझी मागणी साधी आहे. माहितीपत्रकातून हाफ पँट, चप्पल, बिनबाह्या यांची ओळ काढून टाका. त्याऐवजी स्वच्छ कपडे आणि कलम 11.5 एवढंच लिहा. एखाद्या मुलाच्या कपड्यांत खरोखर अडचण असेल तर फेरी संपल्यावर पालकांशी बाजूला बोला, त्याचं घड्याळ चालू असताना नाही. मुलींच्या कपड्यांबद्दल पंचानं तोंडच उघडू नये; बोलायचं असेल तर महिला पंच नेमा आणि कारण लेखी द्या. हे होईपर्यंत माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या एंट्री फॉर्मसोबत माझं हरकतीचं पत्र येत राहील. हमालाच्या त्या मुलाचा पुढच्या स्पर्धेचा फॉर्म मी भरला आहे. तो चड्डीतच येणार आहे, आणि अडवलंत तर मी मुख्य पंचाकडे लेखी अपील करणार आहे.