किल्ली खाली ठेवण्याची वेळ

म्हैसूरला निवृत्तांचे शहर म्हणतात ते उगीच नाही. तिथल्या नजरबाद भागात जुन्या स्कूटरवरून भाजी आणणारे किंवा नातवाला शाळेत सोडणारे आजोबा हमखास दिसतात. पण याच परिसरात प्राणिसंग्रहालय आहे, कारंजी तलाव आहे, जवळच चामुंडी टेकडी आहे. सुटीच्या दिवशी आणि दसऱ्यात पर्यटकांच्या बसेस, रिक्षा आणि रस्ता ओलांडणारी मुले यांची नुसती झुंबड उडते. आजोबांनी चाळीस वर्षे ज्या रस्त्यावर गाडी चालवली, तो रस्ता आता पूर्वीचा राहिलेला नाही आणि आजोबांची नजरही.

घरातल्यांना हे कळत असते. गाडीवर नवा ओरखडा उमटतो, फाटकाचा खांब घासला जातो, रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात. पण बोलायचे कोणी? सून बोलली तर 'आता हिने मला शिकवायचे!' आणि मुलगा बोलला तर 'मला म्हातारा ठरवतोस?' मग सगळे गप्प बसतात आणि नातवंडांना त्याच गाडीत बसवतात.

कायद्याच्या भरवशावर राहून चालत नाही. आपल्याकडे खासगी वाहन चालवण्यासाठी कमाल वयोमर्यादा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनुसार पंचावन्न वर्षांवरील व्यक्तीच्या परवान्याचे नूतनीकरण एका वेळी पाच वर्षांसाठी होते आणि त्या वेळी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. पण मोतीबिंदू काही पाच वर्षे थांबत नाही. सत्तराव्या वर्षी मिळालेला परवाना पंचाहत्तरीपर्यंत चालतो, डोळे आणि पाय तितके साथ देतीलच असे नाही.

जपानमध्ये १९ एप्रिल २०१९ रोजी तोक्योच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या चालकाची मोटार गर्दीत घुसली. एक तरुण आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी मृत्युमुखी पडली. ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला गेला, असा निष्कर्ष पुढे न्यायालयाने काढला. स्वेच्छेने परवाना परत करण्याची सोय तिथे १९९८ पासून आहे. त्या एका वर्षात सुमारे सहा लाख लोकांनी परवाने परत केले. परवाना परत करणाऱ्यांना अनेक ठिकाणी बस आणि टॅक्सीच्या भाड्यात सवलत मिळते.

वय हा एकच निकष मात्र नव्हे. काहींची नजर ऐंशीतही तीक्ष्ण असते, तर काहींची साठीतच अधू होते. परवान्याच्या अर्जात एक प्रश्न असतो: २५ मीटरवरून, दिवसाउजेडी, प्रत्येक डोळ्याने मोटारीची नंबरप्लेट ओळखता येते का? चष्मा असल्यास तो लावून ही परीक्षा घरीही घेता येते. मान दोन्ही बाजूंना सहज वळते का, हेही पाहावे. झोप आणणारी किंवा रक्तातील साखर एकदम उतरवणारी औषधे चालू असतील, तर वाहन चालवावे की नाही, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. मुलाचे न ऐकणारे आजोबा डॉक्टरांचे बहुधा ऐकतात.

लगेच किल्ली काढून घेण्यापेक्षा टप्प्याटप्प्याने जाणे बरे. आधी रात्रीचे आणि पावसातले वाहन चालवणे थांबवावे, मग गर्दीच्या वेळचे. मात्र नजर किंवा तोल खरोखर गेला असेल, तर एक दिवसही वाट पाहू नये. हा विषय पाहुण्यांसमोर तर कधीच काढू नये.

खरी भीती गाडी जाण्याची नसते. प्रत्येक कामासाठी कुणाच्या तरी तोंडाकडे पाहावे लागेल, याची असते. म्हणून पेट्रोल, विमा आणि दुरुस्तीचे वाचणारे पैसे दरमहा रिक्षासाठी त्यांच्याच हाती द्यावेत. हिशेब मागू नये. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत आहे. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून राज्यातील महिलांना साध्या सरकारी बसमध्ये तिकीट पडत नाही. नजरबादच्या आजींनी आजोबांना बसची सवय लावली, तर आजींचे तिकीट वाचेल आणि आजोबांना सोबतही मिळेल.

स्कूटर कुणाला द्यायची, हे मात्र आजोबांनाच ठरवू द्यावे.