औषध देणारा आणि औषध शोधणारा

आपल्या चंदगड तालुक्यांत एखादा विद्यार्थी शास्त्रविषयांत हुशार निघाला, कीं त्याला डॉक्टर करावयाचें हा एकच विचार घरांत सुरू होतो. विचार वाईट नाहीं. परंतु वैद्यकीय महाविद्यालयांतील जागा थोड्या व इच्छुक फार. ज्यांस जागा मिळत नाहीं ते आपलें शिक्षण फुकट गेलें असें मानून बसतात. हा समज सर्वस्वीं चुकीचा आहे, असें आमचें मत आहे. औषध देणाऱ्याच्या मागें औषध शोधणारा उभा असतो, आणि त्याची वाट आपल्या मुलांमुलींस आज मोकळी आहे.

उदाहरण दूरचें नको. सह्याद्रीच्या अरण्यांत नरक्या नांवाचें एक लहानसें झाड वाढतें. फुलांच्या दुर्गंधीमुळें त्यास हें नांव पडलें. १९६६ सालीं अमेरिकेंत मनरो वॉल व मनसुख वाणी या शास्त्रज्ञांनीं एका चिनी वृक्षांतून कॅम्प्टोथेसिन नांवाचें द्रव्य वेगळें केलें. वाणी हे मूळचे नंदुरबारचे. मुंबई विद्यापीठांत रसायनशास्त्राचा अभ्यास करून ते पुढील शिक्षणासाठीं परदेशीं गेले होते. १९७२ सालीं तेंच द्रव्य आपल्या नरक्यांतही असल्याचें सिद्ध झालें.

पण द्रव्य सांपडलें म्हणजे औषध झालें, असें नव्हे. कर्करोग्यांस तें देऊन पाहतां कित्येकांच्या मूत्राशयास इजा होऊन रक्तस्राव होऊं लागला व ते प्रयोग थांबवावे लागले. पुढें १९८५ सालीं त्याची क्रिया उलगडली. पेशी दुभंगण्यापूर्वीं तिच्यांतील डीएनएचा पीळ सोडविणारें एक विकर असतें. हें द्रव्य त्या विकरास जागच्या जागीं अडकवितें. त्याच द्रव्यांत फेरफार करून टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन हीं औषधें तयार झालीं, आणि १९९६ सालीं अमेरिकेंत त्यांस मान्यता मिळाली. विष आणि औषध यांमधलें अंतर कापावयास तीस वर्षें लागलीं!

हें अंतर कापणारीं शास्त्रें कोणतीं? शरीर कसें चालतें हें शरीरक्रियाशास्त्र सांगतें. औषध शरीरावर काय करतें आणि शरीर त्या औषधाचें काय करतें, हें औषधक्रियाशास्त्र सांगतें. कृत्रिम अवयव व रोगनिदानाचीं यंत्रें जैववैद्यकीय अभियंता घडवितो. १९४४ सालीं पुण्यास स्थापन झालेलें कृत्रिम अवयव केंद्र आणि १८९९ पासून परळ येथें असलेली हाफकिन संस्था हीं अशा कामाचीं आपल्या प्रांतांतील जुनीं उदाहरणें होत. शेतांत सर्पदंश झालेल्या माणसाचा जीव वांचविणारी लस डॉक्टर टोचतो खरा; पण घोड्याच्या रक्तापासून ती तयार करण्याची विद्या प्रयोगशाळेंतली आहे.

या वाटेनें जाण्यास बारावीनंतर चार वर्षांची बी. फार्म. पदवी घ्यावी, जीपॅट ही परीक्षा उत्तीर्ण होऊन औषधक्रियाशास्त्रांत दोन वर्षांची एम. फार्म. करतां येते. अभियांत्रिकीकडे ओढा असणाऱ्यांसाठीं गेट परीक्षेंत २०२० पासून जैववैद्यकीय अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे. पात्र विद्यार्थ्यांस पदव्युत्तर शिक्षणांत विद्यावेतनही मिळूं शकतें.

पालक म्हणतील, "एवढीं वर्षें शिकून मिळकत केव्हां?" प्रश्न रास्त आहे. ही वाट लांबीची आहे. येथें दवाखान्याची पाटी लागत नाहीं आणि पुष्कळदां वर्षावर्षांचा प्रयोग वायां जातो. ज्यास लवकर मिळकतीची निकड आहे त्यानें हा विचार करूनच पाऊल टाकावें. परंतु ज्या मुलास किंवा मुलीस "असें कां?" हा प्रश्न स्वस्थ बसूं देत नाहीं, त्यांस केवळ धास्तीपोटीं अडवूं नये.

नरक्याची चोरटी तोड सह्याद्रींत पुष्कळ झाली आहे. लांकूड पोत्यांत भरून बाहेर जातें. तोडणाऱ्याच्या हातीं मजुरी पडते, आणि किंमत ठरते दुसरीकडे, कारण विद्या दुसरीकडे आहे. ताम्रपर्णीच्या कांठच्या मुलांनीं ती विद्या मिळविली, तर झाड न मारतां त्याचा उपयोग कसा करावा हा प्रश्नही तींच सोडवतील. डोंगर आपल्या दारीं आहे. त्याची पारख करणारे डोळेही आपल्याच घरांत तयार व्हावेत.