गोरं करणारी ती डबी आजच बंद करा

दांडी, उच्छेळी, नवापूर, आलेवाडी, नांदगाव, मुरबे आणि सगळ्या बोईसर-तारापूर पट्ट्यातल्या घरांना ही कळकळीची विनंती आहे. घरात कुणी गोरं होण्यासाठी क्रीम लावत असेल, तर ती डबी आत्ता हातात घ्या आणि उलटसुलट करून बघा. बनवणाऱ्या कंपनीचं नाव-पत्ता, परवान्याचा क्रमांक आणि घटकांची यादी छापलेली नसेल, तर आज रात्रीपासून ती क्रीम चेहऱ्याला लावू नका. उद्या, परवा, लग्न उरकल्यावर, असं म्हणू नका. मुलगी बघायला येणार म्हणून, हळदीचे फोटो चांगले यावेत म्हणून ही क्रीम महिना-दोन महिने आधी सुरू होते. मूत्रपिंड बिघडायला तेवढा काळ पुरू शकतो.

हे आपल्याच राज्यात घडलं आहे. अकोल्यातली एक आई आणि तिच्या दोन मुली घरात एकच क्रीम वापरत होत्या. तिघींचंही मूत्रपिंड बिघडलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा कारण त्या क्रीममध्ये सापडलं. त्यात पारा होता, आणि तोही मर्यादेच्या कितीतरी पट. २०२३ साली ही बातमी सगळीकडे आली आणि आपण विसरूनही गेलो. त्याच सुमारास केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या एका विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यातल्या १५ जणांत या विकाराचा एक दुर्मीळ प्रकार निघाला, आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाची क्रीम लावत असल्याचं सांगितलं.

पारा क्रीममध्ये घालतात, कारण तो झटपट गुण दाखवतो. कातडीत मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य तयार होण्यासाठी एक विकर लागतं. पाऱ्याचे क्षार त्याचंच काम बंद पाडतात. आठ-पंधरा दिवसांत चेहरा उजळलेला दिसतो, शेजारीण विचारते, आणि डबी चार घरांत जाते. पण पारा कातडीवर थांबत नाही. तो आत शिरतो, रक्तातून मूत्रपिंडात जाऊन साठतो आणि तिथली गाळणी खराब करतो. मग लघवीतून प्रथिनं वाहून जातात. लघवीला फेस येतो, सकाळी डोळ्यांखाली सूज दिसते, संध्याकाळी पाय सुजतात. आईच्या गालाला गाल लावून झोपणाऱ्या तान्ह्या बाळाच्या अंगातही हा पारा जाऊ शकतो. घरातला एकच टॉवेल सगळे वापरतात, त्यातूनही जातो.

भारतात चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा घालायला बंदी आहे. २०२० च्या नियमांनुसार नकळत राहिलेला अंशसुद्धा दहा लाख भागांत एक भाग याहून जास्त चालत नाही. तरीही बिनानावाच्या डब्या हातोहात विकल्या जातात. घटकांची यादी असलीच, तर त्यात ‘कॅलोमेल’, ‘मर्क्युरस क्लोराइड’, ‘मर्क्युरिक’, ‘मर्क्युरिओ’ असे शब्द आहेत का ते शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्या. आणखी एक खूण कुणालाही ओळखता येईल. ‘सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका’ अशी सूचना डबीवर असेल किंवा विकणाऱ्याने तोंडी दिली असेल, तर ती क्रीम ताबडतोब बाजूला ठेवा. सोनं पाऱ्याला धरून पांढरं पडतं, हे सोनाराला विचारा. जे मंगळसूत्राला चालत नाही ते लेकीच्या गालाला कसं चालेल?

दुसरा धोका औषधाच्या ट्यूबचा आहे. त्यावर कंपनीचं नाव असतं, सगळं कायदेशीर असतं, म्हणून तिच्याकडे कुणी संशयाने बघत नाही. गजकर्णासाठी किंवा इसबासाठी डॉक्टरांनी कधीतरी दिलेली स्टिरॉइडची ट्यूब घरात उरते आणि पुढे ती चेहऱ्यावर लागते. सुरुवातीला रंग उजळतो. नंतर कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, बाईच्या चेहऱ्यावर लव वाढते. लावणं थांबवलं की चेहरा भाजल्यासारखा पेटतो, म्हणून पुन्हा तीच ट्यूब. २०१८ पासून अशी बरीच मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे. कुणी महिनोन् महिने लावत असेल, तर ती स्वतःच्या मनाने एकदम तोडू नका. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि ते सांगतील तशी सोडवा.

आता मूळ प्रश्नाकडे येते. आपण ही डबी घेतोच का? आपला रंग हा दोष आहे, तो घासून काढायचा, असं कुणीतरी आपल्या मनात भरवून दिलं आहे. तो दोष नाही. तो या उन्हाने घडवलेला रंग आहे, आणि तो घडायला लाखो वर्षं लागली आहेत.

साऱ्या माणसांचे पूर्वज आफ्रिकेतले. अंगावरचे केस विरळ झाले, घामाने शरीर थंड ठेवता येऊ लागलं, माणूस भर दुपारीही चालू-पळू शकला. पण त्यामुळे कातडी उघडी पडली. चिंपांझीच्या केसांखालची कातडी आजही फिकट असते, आपल्या फार जुन्या पूर्वजांचीही तशीच असावी. उघड्या कातडीवर अतिनील किरण पडू लागले आणि ज्यांच्यात मेलॅनिन जास्त त्यांची वंशवेल टिकली. जनुकांवरून केलेला अंदाज सांगतो, की निदान १२ लाख वर्षांपूर्वी गडद रंग पक्का झाला होता. मेलॅनिनचे कण कातडीच्या पेशीत केंद्रकावर टोपीसारखे जमतात आणि आतल्या जनुकांना ऊन लागू देत नाहीत.

नीना जॅब्लॉन्स्की आणि जॉर्ज चॅप्लिन या अमेरिकेतल्या दोन अभ्यासकांनी २००० साली उपग्रहाने मोजलेलं अतिनील किरणांचं प्रमाण आणि जगभरच्या माणसांचे रंग शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही जुळले. त्यांचं म्हणणं असं, की हे किरण शरीरातलं फोलेट मोडतात, आणि गडद कातडी ते वाचवते. फोलेट म्हणजे काय, हे आपल्या गावातल्या प्रत्येक बाळंतिणीला माहीत आहे. आशाताई गरोदरपणात फोलिक ॲसिडची गोळी देतात, ते तेच. पोटातल्या बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा नीट घडायला ते लागतं. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांची सावळी कातडी गोळ्या नव्हत्या तेव्हापासून पोटातल्या लेकरांना सांभाळत आली आहे.

उत्तरेकडे गेलेल्या माणसांची अडचण उलटी होती. तिथे ऊन कमी, आणि उन्हाशिवाय कातडीत ड जीवनसत्त्व तयार होत नाही. म्हणून तिथे फिकट रंग टिकला. त्यालाही एक अपवाद आहे आणि तो आपल्या किनाऱ्याला जवळचा वाटेल. बर्फाळ प्रदेशातले इनुइट लोक इतक्या उत्तरेला राहूनही सावळे राहिले, कारण ड जीवनसत्त्व त्यांना मासे आणि सील यांच्या आहारातून मिळत होतं. युरोपातली माणसंही कायमच गोरी नव्हती. उत्तर स्पेनमध्ये सापडलेल्या सुमारे ७००० वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या जनुकांवरून तो निळ्या डोळ्यांचा आणि गडद कातडीचा असावा असं दिसतं.

रंगाचं एक महत्त्वाचं जनुक तर माशामुळे सापडलं. झेब्रा माशाच्या एका फिकट पट्ट्यांच्या जातीत जे बिघडलेलं होतं, तेच जनुक माणसातही आहे, हे २००५ साली कळलं. माणसाच्या त्या जनुकाचा संदेश त्या माशात घातला आणि त्याच्या पट्ट्यांचा गडद रंग परत आला. या जनुकातल्या एका अक्षराच्या बदलाने कातडी उजळते. हैदराबादच्या सीसीएमबीतल्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या २०१३ च्या अभ्यासात दिसलं, की हा बदल युरोपातल्या आणि भारतातल्या माणसांत एकाच मुळापासून आला, बहुधा २२ ते २८ हजार वर्षांपूर्वी. म्हणून एकाच आईची एक लेक उजळ आणि दुसरी सावळी होते. त्यात कुणाचं कूळ, कुणाचा संस्कार, कुणाचं नशीब शोधायला जाऊ नका.

दांडी साधारण २० अक्षांशावर आहे. वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आणि जुलैच्या अखेरच्या सुमारास, दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. या उन्हात तांडेल आणि खलाशी दिवसच्या दिवस बोटीवर असतात, बाया बोंबील वाळत घालतात, वारली बहिणी भातलावणी करतात. या उन्हासाठी जो रंग हवा तोच आपल्याला मिळाला आहे. तो पुसणारी क्रीम लावून त्याच उन्हात उभं राहणं म्हणजे उघड्या अंगाने आगीशेजारी बसणं आहे. गडद कातडीलाही ऊन बाधतं, डोळ्यांना तर फारच. म्हणून टोपी, डोईवरचा पदर, लांब बाह्या आणि सावलीतली विश्रांती हवी. त्यावर चार पैसे खर्च करा.

रागवायचं असेल तर डबी लावणाऱ्या पोरीवर रागावू नका. बाळ जन्मल्याबरोबर त्याचे कान उलगडून रंग बघणारे आपण, ‘नाकीडोळी नीटस आहे, पण...’ म्हणणारे आपण, मुलाच्या स्थळासाठी ‘गोरी हवी’ असं लिहून देणारे आपण. ती पोर आपलंच म्हणणं चेहऱ्याला चोळते आहे. वधूवर मेळावे भरवणाऱ्या समाज मंडळांना माझी हात जोडून विनंती आहे, की परिचयपत्रातला रंगाचा रकाना यंदापासून काढून टाका. शाळेतल्या गुरुजी-बाईंनी आपला रंग कसा घडला हा धडा मुलांना शिकवावा. ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या ताईंनी बिनानावाची क्रीम दुकानात ठेवू नये, कारण गिऱ्हाइकाआधी ती त्यांच्याच हातांतून शरीरात जाते.

डबी फेकताना मात्र सांभाळा. ती गटारात, खाडीत किंवा चुलीत टाकू नका. जपानच्या मिनामाता गावात कारखान्याचा पारा समुद्रात गेला, तिथून माशांत आणि माशांतून कोळ्यांच्या घरांत. १९५६ साली तो आजार उघड झाला तेव्हा माणसं लुळी पडली होती, बाळं व्यंग घेऊन जन्मत होती. तारापूरच्या रासायनिक सांडपाण्याने आपल्या समुद्राचं काय केलं, हे नवापूर-दांडीच्या माणसाला सांगावं लागत नाही. त्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद हरित लवादापर्यंत गेली. जो समाज पाण्यातल्या विषाविरुद्ध एवढा उभा राहिला, त्याने घरातलं विषही बाहेर काढावं.

ज्यांनी अशी क्रीम लावली आहे त्यांनी, त्रास नसला तरी, या आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लघवीतली प्रथिनं तपासून घ्यावीत. तपासणी साधी आहे. लाजून लपवू नका, डॉक्टरांना क्रीमचं नाव स्पष्ट सांगा. लवकर कळलं आणि क्रीम थांबली तर बहुतेकांचं मूत्रपिंड सावरतं. गरोदर बायांनी आणि अंगावर पाजणाऱ्या आयांनी तर एक दिवसही थांबू नये. डबी झाकण घट्ट लावून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा आणि जाताना सोबत न्या. कुठून घेतली ते अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ या क्रमांकावर कळवा. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या घरातली डबी आणावी आणि एकमेकींना वाचून दाखवावी.