माझी २०२० ची क्रमवारी

स्मरणिकेत व्हिडिओ गेमविषयी लिहावे काय, हा संकोच बाजूला ठेवतो. २०२० च्या टाळेबंदीत इटियाडोहच्या पाळीवर जमणारे आम्ही मित्र आपापल्या घरी अडकलो. त्या वर्षातील माझ्या पसंतीत तिसरा क्रमांक ‘राजी’चा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने घडवलेल्या या खेळात सर्कशीत काम करणारी मुलगी असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधते. चित्रे देखणी, लढाया मात्र अडखळतात. केवळ आपल्याकडचा म्हणून त्यास वर चढवणे मला अप्रामाणिक वाटते. दुसरा ‘हेडीज’. त्यात नायक मेला की घरी परततो आणि कथा तिथूनच पुढे सरकते.

पहिला ‘अमंग अस’. मूळ २०१८ चा, रूप अगदी साधे. पण मोबाइलवर फुकट आणि दहा जणांना एकत्र आणणारा. यानात लपलेला घातपाती खोटे बोलूनच जिंकतो. चौथे शील रोज म्हणणारे आम्ही, आणि सर्वांत सफाईने खोटे बोले तो वंदनेला पहिल्या रांगेत बसणारा!

पालक याला वेळेचा अपव्यय म्हणतील. अतिरेक मीही पाहिला आहे. तरी त्या महिन्यांत आमची खोली पुन्हा भरली ती याच खेळात. एक जागा तेवढी रिकामी राही. त्या मित्राच्या घरी एकच फोन होता आणि तो धाकट्या बहिणीच्या वर्गासाठी लागे.