न लिहिलेली पायरी

ज्या पानावर आम्ही बहुधा भाषा, शिक्षण आणि घरांतील वडीलधाऱ्यांचीं कर्तव्यें यांविषयीं लिहितों, त्या पानावर संगणकाचा विषय पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. आमचें शालेय शिक्षण मॅट्रिकपुरतें. पुढें जो कांहीं अभ्यास केला तो संस्कृताचा. तथापि गेल्या महिन्यांत आमच्या घरीं जो प्रसंग घडला, त्याचा संबंध यंत्रापेक्षां शिकविणाऱ्याच्या जबाबदारीशीं अधिक आहे. म्हणून तो सांगतों.

आमची नात येथेंच कोल्हापुरांत अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत शिकते. मराठी शाळेंतून आलेली, गणितांत हुशार. त्या रात्रीं दहा वाजले तरी ती जेवावयास उठेना. दुसरे दिवशीं महाविद्यालयांत एक प्रोग्राम तयार करून दाखवावयाचा होता, आणि त्यासाठीं लागणारें ‘मेक’ नांवाचें साधन कांहीं केल्या चालत नव्हतें. “आबा, पानावर लिहिलें आहे तसेंच मी तीनदां केलें. सगळ्यांना येतें, मलाच येत नाहीं. बाबांना सांगून माझी शाखा बदलून घ्या,” असें म्हणतांना तिचे डोळे भरून आले.

हें साधन काय करतें तें आम्हीं तिच्याकडूनच समजून घेतलें. मोठा प्रोग्राम अनेक तुकड्यांत लिहितात. कोणता तुकडा कशावर अवलंबून आहे आणि तो कसा तयार करावयाचा, हें एका यादींत मांडतात. त्या यादीस ‘मेकफाइल’ म्हणतात. पुरणपोळीचेंच पाहा ना. डाळ शिजल्यावांचून पुरण नाहीं आणि पुरणावांचून पोळी नाहीं. पण कणीक तेवढी बिघडली, तर कोणी डाळ पुन्हां शिजवीत नाहीं. हें तारतम्य ‘मेक’ ठेवतें. स्टुअर्ट फेल्डमन यांनीं अमेरिकेंतील बेल लॅब्समध्यें १९७६ सालीं तें रचिलें.

“बाळ, आधीं दोन घांस खाऊन घे. मग यंत्र काय म्हणतें तें मला अक्षरशः वाचून दाखव,” असें आम्हीं सांगितलें.

पहिली अडचण अशी, कीं ‘मेक’ बसविलें होतें खरें. पण त्यास हांक मारली कीं यंत्र म्हणे, असा आज्ञाशब्द मला ठाऊक नाहीं. साधन कोणत्या फोल्डरमध्यें आहे, हें ‘पाथ’ नांवाच्या पत्त्यांच्या यादींत नोंदवावें लागतें. तिनें तें केलें होतें. परंतु आधींपासून उघडी असलेली खिडकी जुनीच यादी धरून बसते. ती बंद करून नवी उघडावी लागते. पानावर नोंदीचें लिहिलें होतें, खिडकीचें लिहिलें नव्हतें.

तेवढें सुटल्यावर दुसरा संदेश आला: ‘दुसरी ओळ, मिसिंग सेपरेटर.’ आम्हीं पान आणि पडदा ओळीनें ताडून पाहिला. एका अक्षराचाहि फरक नाहीं. तेव्हां तिनें तें वाक्य साधनाच्या मूळ माहितीपुस्तकांत शोधलें. ‘जीएनयू मेक’च्या त्या पुस्तकाच्या शेवटीं चुकांच्या संदेशांचें परिशिष्टच आहे, आणि त्यांत उत्तर होतें. आज्ञेची ओळ टॅबच्या कळीनें सुरू झाली पाहिजे. पानावरून उतरवून घेतांना टॅबच्या जागीं साध्या मोकळ्या जागा आल्या होत्या. डोळ्यांस दोन्ही सारख्याच. तिनें त्या पुसल्या, टॅबची कळ दाबली, आणि काम झालें. फेल्डमन यांनीं पुढें सांगितलें आहे, कीं या टॅबची अडचण ध्यानांत आली तोंवर दहाबारा जण साधन वापरूं लागले होते. त्यांची घडी मोडूं नये म्हणून नियम तसाच ठेवला. दहाबारा जणांची सोय पाहिली, आणि जगभरचे विद्यार्थी अजून ठेंचाळत आहेत!

पाणिनि शिकलेल्यास यांत अपरिचित असें कांहीं नाहीं. गुणसंधीचें सूत्र अवघें दोन पदांचें. ‘पुढें स्वर असतां’ ही अट त्यांत नाहींच. ती दहा सूत्रें मागून अनुवृत्तीनें येते. मधलेंच पान उघडणाऱ्या विद्यार्थ्यास एक तर सूत्र चुकीचें वाटेल, नाहीं तर आपली बुद्धि मंद वाटेल. परंतु तेथें अनुवृत्ति उलगडून सांगावयास वृत्तिकार आणि भाष्यकार बसलेले आहेत. संगणकाच्या पानांस भाष्यकार क्वचितच लाभतो.

येथें आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. फार वर्षांपूर्वीं आठवीच्या वर्गांत एक रूप चालवितां आलें नाहीं म्हणून आम्हीं एका मुलास तासभर उभें केलें. तो नियम आम्हीं सांगितला तेव्हां तो तापानें घरीं होता, हें मागाहून कळलें. पुढच्या वर्षीं त्यानें संस्कृत सोडलें. त्या रात्रीं नातीच्या चेहऱ्याकडे पाहतांना आम्हांस तोच मुलगा दिसत होता.

या दोषावर उपाय योजणारे लोकहि आहेत. मुंबईच्या आय. आय. टी.मध्यें प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनीं सुरू केलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमांत सुमारें दहा दहा मिनिटांचे पाठ आहेत. पडद्यावरचें चित्र इंग्रजी, पण निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत. साधनाच्या कोणत्या आवृत्तीवर पाठ केला तें आरंभींच सांगतात, आणि मजकूर पक्का होण्यापूर्वीं तो विषय न जाणणाऱ्या नवख्याकडून पारखून घेतात. ही शेवटची रीत आम्हांस फार मोलाची वाटली. जाणत्यास गाळलेली पायरी दिसत नाहीं. ती नवख्याच्याच पायाला लागते.

वाचकांच्या घरांत कोणी मूल असें अडून बसलें, तर वडिलांनीं एवढें करावें. यंत्राचा पहिला संदेश मोठ्यानें वाचावयास लावावा. पुढचे बहुधा त्या पहिल्याचेच परिणाम असतात. पान कोणत्या आवृत्तीचें आणि आपलें साधन कोणत्या, हें ताडून पाहावें. एका वेळीं एकच बदल करावा, म्हणजे गुण कशाचा आला तें कळतें. सुटलेली गांठ वहींत लिहून ठेवावी. आणि ‘इतरांना येतें, मग तुलाच कां येत नाहीं?’ हें वाक्य तोंडांतून काढूं नये.

शाखा बदलण्याची गोष्ट आमच्या घरीं पुन्हां निघाली नाहीं. गेल्या आठवड्यांत नातीची एक मैत्रीण तीच टॅबची चूक घेऊन आली. नातीनें आपली वही तिच्यापुढें ठेवली आणि म्हणाली, “आधीं हें वाचून करून बघ. माझ्याकडून कांहीं लिहावयाचें राहिलें असेल, तर मला सांग.”